इंग्लंडची घटना लिहिलेली नाही, मग अमेरिकनांना घटना लिहायची सवय कुठून लागली?

चाफा

नमस्कार मंडळी, प्रश्न मुलीच्या शाळेतून आलाय पण आता तो माझ्याच डोक्यात बसलाय म्हणून इथे विचारतेय. आम्ही बॉस्टनच्या जवळ राहतो, मुलगी आठवीत आहे, तिला सिव्हिक्सच्या तासाला अमेरिकन राज्यघटनेची मुळं शोधायचा प्रोजेक्ट आहे. शाळेतून एक टाइमलाइन मिळालीये, १२१५ मॅग्ना कार्टा, १६२० मेफ्लॉवर करार, १६८९ इंग्लंडचं बिल ऑफ राइट्स, मग इंग्लिश विचारवंत लॉक, मग फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू, मग १७७६ चं स्वातंत्र्य आणि शेवटी १७८७ फिलाडेल्फिया, जिथे घटना लिहिली, आणि एकातून दुसऱ्याकडे बाण काढलेत. परवा जेवताना ती म्हणाली, आई मॅग्ना कार्टा इंग्लंडचा, बिल ऑफ राइट्स इंग्लंडचं, लॉकही इंग्लंडचा, मग इंग्लंडकडेच एका कागदावर लिहिलेली घटना का नाही? आणि यांनाच ती लिहून काढावीशी का वाटली?

मला उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणाला क्रांती झाली, नवा देश झाला की घटना लिहावीच लागते. पण क्रांत्या इंग्लंडमध्येही झाल्या ना, १६४९ ला राजाचं डोकं उडवलं, १६८८ ला दुसरा राजा पळून गेला, तरी त्यांचं आजपर्यंत कायदे, निवाडे आणि प्रथा यांच्यावरच चालू आहे. मग समुद्र ओलांडून आलेल्या त्याच लोकांच्या नातवंडा-पतवंडांना "आधी कागद, मग सरकार" हे कुठून सुचलं?

आणि अजून एक, कदाचित संबंध नसेल, इथल्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव "जनरल कोर्ट" आहे. कायदे करणाऱ्या सभेला कोर्ट का म्हणतात?

जाणकारांनी सविस्तर लिहा, आम्हा दोघींना वाचायचंय.

जुनीवही

चाफाताई, तुम्ही "संबंध नसेल" म्हणून शेवटी जो प्रश्न टाकलाय ना, तोच माझ्या मते पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

जनरल कोर्ट म्हणजे न्यायालय नाही, कंपनीची सर्वसाधारण सभा. मॅसॅच्युसेट्स बे ही आधी एक व्यापारी कंपनी होती, मार्च १६२९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने तिला सनद दिली. सनदेत काय होतं तर भागधारकांना "फ्रीमेन" म्हणायचं, त्यांनी दरवर्षी एक गव्हर्नर, एक डेप्युटी गव्हर्नर आणि १८ असिस्टंट निवडायचे, वर्षातून चार वेळा सगळ्यांची जनरल कोर्ट भरवायची आणि तिथे कारभाराचे नियम करायचे, फक्त ते इंग्लंडच्या कायद्यांविरुद्ध जाता कामा नयेत. आता गव्हर्नरच्या जागी चेअरमन घाला, असिस्टंटच्या जागी संचालक मंडळ, जनरल कोर्टच्या जागी एजीएम, आणि नियमांच्या जागी उपविधी, आपली कुठलीही सहकारी सोसायटी डोळ्यांसमोर येईल. उपविधी तुम्ही करा पण सहकार कायद्याच्या बाहेर जाऊ नका, तसंच हे.

आता खरी गंमत पुढे आहे. कंपनीची सभा कुठे भरवायची ते सनदेत लिहिलेलंच नव्हतं. ऑगस्ट १६२९ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजला बारा जणांनी आपसात करार केला की आम्ही बायकापोरांसकट तिकडे जायला तयार आहोत पण सनद आणि कंपनीचा सगळा कारभार आमच्याबरोबर आला पाहिजे. १६३० मध्ये कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आर्बेला जहाजातून निघाला तेव्हा नुसती माणसं नाही गेली, कंपनीच समुद्रापार गेली. आणि १६३१ मध्ये तिथे ठरलं की चर्चचा सभासद असलेला पुरुष फ्रीमन होऊ शकतो. म्हणजे ज्या खुर्चीवर शेअरहोल्डर बसायचा त्याच खुर्चीवर मतदार येऊन बसला, घटना कोणी लिहिली नाही, कंपनीच राज्य होऊन बसली.

(याच्या शेजारी मुंबई ठेवून बघा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० ची, मुंबई बेट तिला १६६८ मध्ये मिळालं, मुंबईलाही गव्हर्नर आणि कौन्सिल होतं, पदांची नावं तीच. पण कंपनीची सभा लंडनमध्येच राहिली, भागधारक लंडनमध्येच राहिले, मुंबईत राहणाऱ्या माणसाला त्या सभेत जागाच नव्हती. कागद त्याच जातीचा, पण तो कोणाच्या पेटीत आहे यावर सगळं ठरलं.)

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १६३४ ची गोष्ट, आणि ती त्या टाइमलाइनवर नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिली काही वर्षं विन्थ्रॉप आणि असिस्टंट मंडळीच आपसात कायदे करायची, कर लावायची. १६३४ च्या वसंतात गावोगावच्या फ्रीमेननी माणसं निवडून पाठवली, ती विन्थ्रॉपकडे गेली आणि म्हणाली आम्हाला सनद बघू द्या. वाचली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, कायदे करायचा अधिकार जनरल कोर्टचा, म्हणजे सगळ्यांचा. झालं, त्या वर्षापासून प्रत्येक गाव आपले डेप्युटी पाठवायला लागलं आणि मे महिन्याच्या निवडणुकीत विन्थ्रॉपचं गव्हर्नरपद गेलं. विन्थ्रॉप काही वाईट माणूस नव्हता, पण राज्य चालवणाऱ्याला "कागद दाखवा" म्हणता येतं आणि कागदात नसेल तर त्याला ते करता येत नाही, ही सवय तिथे लागली. लॉकचा जन्म १६३२ चा, म्हणजे हे होत होतं तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

दोन सभागृहं कशी झाली तेही सांगतो, पोरीला आवडेल. बॉस्टनमध्ये रॉबर्ट कीन नावाचा श्रीमंत व्यापारी होता, त्याच्याकडे एक भटकी डुकरीण आली, त्याने दवंडी पिटवली, कोणी आलं नाही. मग त्याने एक डुकरीण मारली आणि शर्मन नावाची गरीब बाई म्हणाली ती माझी होती. खालच्या कोर्टात कीन जिंकला, बाई हटली नाही, १६४२ मध्ये प्रकरण जनरल कोर्टपर्यंत गेलं. गावांचे डेप्युटी बहुतेक बाईच्या बाजूने, असिस्टंट बहुतेक कीनच्या बाजूने, आणि असिस्टंट म्हणायला लागले की आमच्या संमतीशिवाय ठराव होत नाही. भांडण एवढं चिघळलं की १६४४ मध्ये दोघं वेगळे बसायला लागले. पार्लमेंटचा नमुना समोर होता हे खरं, पण इथे निमित्त डुकरिणीचं झालं.

सह्यकडा

जुनीवही, सुंदर प्रतिसाद, पण सगळं कंपनीच्या खात्यावर टाकू नका हो. धर्माचा भाग मोठा आहे. हे प्युरिटन लोक, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा हवी असलेले कडवे प्रोटेस्टंट, चर्च स्थापन करायचे ते बिशपच्या हुकमाने नाही, दहा-वीस कुटुंबं एकत्र यायची आणि देवासमोर एकमेकांशी करार करायची की आम्ही आजपासून एक मंडळी. करार झाला की चर्च झालं, करार नाही तर चर्च नाही. ज्यांना देवळाच्या कारभारासाठीसुद्धा एकमेकांचा शब्द घ्यायची सवय आहे त्यांना गावाच्या कारभारासाठी तसंच करावंसं वाटणार की नाही?

मेफ्लॉवरचंच बघा. त्यांच्याकडे परवाना होता तो व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीतला, आणि जहाज येऊन थांबलं केप कॉडला, त्या हद्दीच्या बाहेर. जहाजातले काही जण म्हणायला लागले इथे आमच्यावर कोणाचा अधिकारच नाही, उतरलो की आम्ही मोकळे. म्हणून नोव्हेंबर १६२० मध्ये जहाजावरच ४१ पुरुषांनी सह्या केल्या की आम्ही मिळून एक राजकीय समाज होतो, मिळून कायदे करू आणि ते पाळू. शाळेत याला लोकशाहीचा जन्म वगैरे म्हणतात, तेवढं मोठं नाही ते, मजकूर जेमतेम दोनशे शब्दांचा आहे आणि त्यात राजाशी निष्ठाही आहे. पण वरून कागद नाही मिळाला तर आपणच लिहू, ही गोष्ट मात्र त्यात आहे.

आणि कनेक्टिकटवाल्यांनी तर १६३९ मध्ये हार्टफर्ड, विंडसर आणि वेदर्सफील्ड या तीन गावांचं सरकार अकरा कलमांत लिहून काढलं, त्यात राजाचं नावच नाही. त्यांच्याकडे तेव्हा सनदही नव्हती, ती मिळाली १६६२ ला.

काळाकोट

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, रोजचं कामच ते आहे.

आधी एक दुरुस्ती. इंग्लंडने घटना लिहून बघितलीच नाही असं नाही. राजाचं डोकं उडवल्यावर १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या काळात एक लिखित घटना आली होती, "इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट" नावाची, पण ती सैन्याच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली, चारेक वर्षांत गेली आणि १६६० ला राजाच परत आला. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. १६८९ नंतर तिकडे मुरत गेलं ते असं की पार्लमेंट सर्वोच्च, तिच्या वर काही नाही. आता जिच्या वर काही नाही तिला बांधणारा कागद कोण लिहिणार? मुलीच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

वसाहतींमध्ये मात्र विधानसभेच्या वर कायम काहीतरी होतं. जुनीवही यांनी ते "इंग्लंडच्या कायद्यांविरुद्ध नको" हे वाक्य सांगितलं ना, त्याला दात होते. वसाहतीचा कायदा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, रद्द होऊ शकायचा. यातला एक खटला मला फार आवडतो, कारण आपल्याकडे घराघरात जे होतं तेच आहे, बाप मृत्युपत्र न करता गेला आणि बहीण-भाऊ वाटणीवरून कोर्टात. हा त्याच विन्थ्रॉप घराण्यातला. कनेक्टिकटचा कायदा असा की सगळ्या मुलांना हिस्सा, मुलींनाही, फक्त थोरल्या मुलाला दुप्पट. इंग्लंडचा कायदा असा की जमीन थोरल्या मुलाची. इथे मुलगा एकच, जॉन, तो म्हणाला जमीन सगळी माझी. बहिणीचं लग्न लेचमियर नावाच्या माणसाशी झालेलं. कनेक्टिकटमध्ये भाऊ हरला तर तो थेट लंडनला गेला, आणि १७२८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की कनेक्टिकटचा वारसा कायदाच सनदेच्या आणि इंग्लंडच्या कायद्याच्या विरोधात आहे म्हणून रद्द. निकाल मला स्वतःला अन्यायाचा वाटतो, बहिणीचा हक्क गेला. पण तत्त्व बघा, निवडून आलेल्या सभेने रीतसर केलेला कायदा, आणि तो वरच्या कागदात बसत नाही म्हणून एक न्यायपीठ फेकून देतं. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने काँग्रेसच्या कायद्याचं कलम घटनाबाह्य ठरवलं, त्याला काहीतरी नवंच काढलं असं म्हणतात, पण वसाहतींतल्या वकिलांनी हे पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं होतं.

मॅग्ना कार्टाचा बाण चूक नाही, फक्त तो सरळ नाही. १२१५ मध्ये तो सरदार आणि राजा यांच्यातला तह होता. त्याचं ३९ वं कलम, देशाच्या कायद्याखेरीज कोणाही मुक्त माणसाला पकडायचं नाही की त्याची मालमत्ता घ्यायची नाही, हे सतराव्या शतकात एडवर्ड कोक या कायदेपंडिताने धूळ झटकून राजाविरुद्ध वापरलं, १६२८ च्या पिटिशन ऑफ राइटमध्ये. आणि अमेरिकेत कायदा शिकणारी पोरं कोक वाचतच मोठी झाली. शिवाय व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेतच लिहिलं होतं की तिकडे जाणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना इंग्लंडात जन्मल्यासारखेच सगळे हक्क राहतील. त्यामुळे १७६० नंतरचं भांडण "आम्हाला नवे हक्क द्या" असं नव्हतंच, "आमच्या कागदात आहेत ते द्या" असं होतं.

एक बारीकशी गोष्ट, पण मुलीला नक्की दाखवा. १६८९ च्या इंग्लिश बिल ऑफ राइट्समध्ये आहे की जास्तीचा जामीन मागितला जाऊ नये, जास्तीचे दंड लावले जाऊ नयेत, क्रूर शिक्षा दिल्या जाऊ नयेत. १७७६ मध्ये व्हर्जिनियाने जॉर्ज मेसनच्या मसुद्यातून तेच वाक्य जवळपास तसंच उचललं. १७९१ च्या अमेरिकन आठव्या दुरुस्तीत पुन्हा तेच, फक्त एक क्रियापद बदललं. "मागू नये" होतं ते "मागायचा नाही" झालं. उपदेश होता तो हुकूम झाला.

चाफा

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मी आणि मुलगी काल रात्री दोनदा वाचलं. डुकरीण तर घरात सगळ्यांना पाठ झालीये.

पण मला एक अडतंय. जुनीवहींच्या गोष्टीतली सनद राजाने दिलेली आहे. राजाने दिलेला कागद आणि लोकांनी स्वतः लिहिलेली घटना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे ना? "आम्ही लोक" हे शब्द त्या सनदेत कुठून येणार? तो उलटा प्रवास कधी झाला?

जुनीवही

ताई बरोबर पकडलंत, तेच लिहायचं राहिलं होतं. आणि ते तुमच्याच राज्यात घडलं.

राजाने दिलेला कागद राजा परत घेऊ शकतो हे ते लोक दोनदा शिकले. पहिल्यांदा १६८४ मध्ये लंडनच्या कोर्टाने मॅसॅच्युसेट्सची सनद रद्द केली आणि १६८६ मध्ये आजूबाजूच्या वसाहती एकत्र करून एडमंड अँड्रोस नावाचा गव्हर्नर वर बसवला, निवडलेली सभाच नाही, कर मात्र चालू. कनेक्टिकटची सनद घ्यायला अँड्रोस १६८७ मध्ये हार्टफर्डला गेला तर म्हणे सभेतल्या मेणबत्त्या विझल्या आणि पेटवल्या तेव्हा टेबलावर सनद नव्हती, ओकच्या झाडाच्या ढोलीत लपवली असं सांगतात. आख्यायिकेत किती खरं देव जाणे, पण लोक एखाद्या चर्मपत्रासाठी अशी गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात यातच सगळं आलं. एप्रिल १६८९ मध्ये बॉस्टनने अँड्रोसला कैद केलं, १६९१ मध्ये नवी सनद मिळाली.

दुसऱ्यांदा १७७४ मध्ये. कराच्या निषेधात बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात टाकल्यावर (तो चहा आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीचा) पार्लमेंटने शिक्षा म्हणून कायदा करून १६९१ ची सनदच बदलून टाकली. वरचं कौन्सिल निवडून यायचं ते आता राजा नेमणार, आणि गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. लोक याने जेवढे खवळले तेवढे करानेही खवळले नव्हते, असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनला आणि सप्टेंबरमध्ये वुस्टरला हजारोंनी लोक जमले आणि त्यांनी कोर्टंच भरू दिली नाहीत. कागदाच्या बाहेरचं सरकार म्हणजे सरकारच नाही, हा त्यांचा हिशोब.

मग १७७६ मध्ये स्वातंत्र्य, राज्यांना आता घटना हव्यात, आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने गावांना विचारलं, आम्हीच लिहू का? ऑक्टोबर १७७६ मध्ये कॉन्कॉर्डच्या गावसभेने ठराव करून नाही म्हणून कळवलं, आणि का नाही ते इतकं स्वच्छ सांगितलंय. घटना असते ती सरकारपासून माणसाच्या हक्कांचं रक्षण करायला. जी सभा घटना करते तीच सभा ती बदलूही शकते. मग जी घटना विधानसभा बदलू शकते ती विधानसभेपासून माझं रक्षण काय करणार? म्हणून घटनेसाठी वेगळी सभा निवडा, तिने फक्त घटना लिहावी आणि घरी जावं. हे कोणी फ्रेंच विचारवंत म्हणत नाहीये, गावातले शेतकरी आणि कारागीर म्हणतायत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

विधानसभेने ऐकलं नाही, १७७८ मध्ये स्वतःच लिहून गावांकडे पाठवलं, गावांनी प्रचंड बहुमताने फेटाळलं. हक्कांची यादी नाही ही एक तक्रार आणि कोणी लिहिलं ही दुसरी. युद्ध चालू असताना, बरं का. मग १७७९ मध्ये खास सभा निवडली, मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सने लिहिला, आणि १७८० च्या वसंतात तो गावोगाव गेला. गावांनी एकेक कलम वाचून मतं दिली, कुठे धर्माच्या कलमावर वाद, कुठे गव्हर्नरच्या अधिकारावर वाद, आणि हरकती लेखी पाठवल्या. या मतदानाला २१ वर्षांवरच्या सगळ्या मुक्त पुरुषांना बोलावलं होतं, मालमत्तेची अट न लावता. मोजणी जरा सढळ हाताने केली असं इतिहासकार म्हणतात, पण ऑक्टोबर १७८० पासून ती घटना लागू झाली आणि दुरुस्त्यांसकट आजही तीच चालू आहे.

तर उलटा प्रवास तिथे झाला. सनदेचा सांगाडा तसाच राहिला, गव्हर्नर, जनरल कोर्ट, दरवर्षीची निवडणूक, फक्त खालची सही बदलली.

रानवाट

सगळे प्रतिसाद वाचले, शिकायला मिळालं, पण "मुक्त पुरुष" हे दोन शब्द इतक्या पटकन ओलांडू नका अशी विनंती. बायका नाहीत, गुलाम नाहीत, आणि ज्यांच्या जमिनीवर हे चाललं होतं ते मूळचे लोक नाहीत. १७८० च्या त्याच घटनेने पुढच्या निवडणुकांना ६० पौंडांच्या मालमत्तेची अट परत घातली हेही लिहायला हवं. मुळं शोधायची तर हीसुद्धा मुळंच आहेत. व्हर्जिनियाची पहिली निवडून आलेली सभा जेम्सटाउनला भरली ती जुलै १६१९ च्या शेवटी, आणि पकडून आणलेल्या आफ्रिकन माणसांना घेऊन जहाज त्याच वसाहतीत आलं ते ऑगस्ट १६१९ च्या शेवटी. एका महिन्याचं अंतर. १७८७ च्या घटनेत "गुलाम" हा शब्द जाणूनबुजून टाळला, "इतर व्यक्ती" म्हणून पाचातले तीन मोजले, माणसं आणायचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असं लिहिलं, आणि पळालेल्या माणसाला परत द्यायचं कलम घातलं. "गुलामी" हा शब्द घटनेत आला शेवटी १८६५ मध्ये, तेराव्या दुरुस्तीत, गुलामी संपवताना.

पण मुलीसाठी एक गोष्ट नक्की सांगते, ती पण मॅसॅच्युसेट्सचीच आहे. शेफील्ड गावात जॉन अ‍ॅशली नावाच्या मोठ्या माणसाच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री होती. तिला वाचता येत नव्हतं. १७८० च्या घटनेचं पहिलंच कलम, सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत, तिने ऐकलं आणि ती थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली की हा कायदा मला का लागू नाही? ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने तिला मुक्त ठरवलं, वर ३० शिलिंग भरपाई. जुनीवही, हे तेच ग्रेट बॅरिंग्टन जिथे सात वर्षं आधी लोकांनी कोर्ट बंद पाडलं होतं. नंतर ती एलिझाबेथ फ्रीमन नावाने जगली. आणखी एक क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाचे खटले झाले आणि १७८३ नंतर त्या राज्यात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही. "कागद दाखवा" हे तिनेही म्हटलं, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मनात ती नव्हती तरी म्हटलं.

आपल्या बाजूने हा धागा महात्मा फुल्यांपर्यंत येतो. १८७३ चं "गुलामगिरी" त्यांनी अर्पण केलंय ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना त्या तेराव्या दुरुस्तीमागची चळवळ दिसत होती.

सह्यकडा

रानवाट, पूर्ण सहमत. मूळच्या लोकांचा विषय काढलात म्हणून लिहितो, कारण शाळेत कधी कधी हेही एक मूळ म्हणून सांगतात. हौडेनोशौनी, ज्यांना इरोक्वॉय म्हणतात, त्यांचा आधी पाच आणि नंतर सहा राष्ट्रांचा संघ होता, मण्यांच्या पट्ट्यांवर जपलेला महान शांतीचा कायदा होता, सरदार निवडायचा आणि काढायचा अधिकार कुळातल्या ज्येष्ठ स्त्रियांकडे. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या तहाच्या वेळी त्यांच्यातल्या कनासतेगो या सरदाराने वसाहतवाल्यांना सरळ सांगितलं की आमच्यासारखी एकी करा. फ्रँकलिनने ते भाषण छापलं आणि १७५४ मध्ये ऑल्बनीला वसाहतींच्या संघाची योजनाही मांडली. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून हे ऋण मान्य केलं.

आता घटनेचा आराखडाच त्यांच्याकडून घेतला असं काही जण म्हणतात ते मात्र बहुतेक इतिहासकारांना पटत नाही, मलाही नाही. १७८७ च्या घटनेचा मुख्य शिल्पकार मॅडिसन, त्याने १७८६ मध्ये संघराज्यांवर टिपणं काढली, जेफरसनने पॅरिसहून त्याला पेट्या भरून पुस्तकं पाठवलेली, त्या टिपणांत लिशिया, अखिया, स्विस, डच, जर्मन असे संघ आहेत, शेजारचे हौडेनोशौनी नाहीत. दारात उभं असलेलं उदाहरण सोडून तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये शोधत होता, याची खंत वाटते.

चाफा

रानवाटताई, बेटची गोष्ट वाचून मुलगी गप्पच झाली, मग म्हणाली हिला मी मधोमध घेणार. खूप आभार.

शेवटचा प्रश्न, मग १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला नवीन असं काय झालं? की सगळं आधीच झालेलं होतं?

काळाकोट

बरंच आधी झालेलं होतं. १३ पैकी ११ राज्यांकडे तोपर्यंत लिखित घटना होत्या. उरलेल्या दोघांनी, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडने, राजाचं नाव गाळून जुनी सनदच घटना म्हणून चालवली, कनेक्टिकटने १८१८ पर्यंत आणि ऱ्होड आयलंडने १८४० च्या दशकापर्यंत. म्हणजे सनद आणि घटना एकच वस्तू हे त्यांनी करूनच दाखवलं.

नवीन होतं ते वरच्या मजल्याचं काम. १७८१ पासून लागू झालेल्या आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे तेरा राज्यांच्या पहिल्या संघ-करारात, केंद्राला कर लावता येत नव्हता, आणि दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागायची. ५ टक्के आयात कराचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. फिलाडेल्फियाला ५५ जण आले, ३९ जणांनी सह्या केल्या, ऱ्होड आयलंड आलंच नाही. मॅडिसनला हवं होतं की राज्यांचे कायदे रद्द करायचा अधिकार काँग्रेसला द्यावा, अगदी पूर्वी राजाला होता तसा. तो प्रस्ताव पडला, आणि त्याच्या जागी वाक्य आलं की ही घटना देशाचा सर्वोच्च कायदा आहे आणि प्रत्येक राज्यातले न्यायाधीश तिला बांधील आहेत. वर मी बहीण-भावाचा खटला सांगितला, त्यातलं प्रिव्ही कौन्सिलचं काम इथे कोर्टांकडे आलं.

आणि मंजुरी कशी घ्यायची? राज्यांच्या विधानसभांकडून नाही. प्रत्येक राज्यात त्यासाठी वेगळी सभा निवडायची आणि नऊ राज्यांनी हो म्हटलं की लागू. हा कॉन्कॉर्डचाच मुद्दा. जून १७८८ मध्ये नववं न्यू हॅम्पशायर आलं. आणि मॅसॅच्युसेट्सच्या सभेने त्याच फेब्रुवारीत "हो, पण या दुरुस्त्या करा" अशी यादी जोडून हो म्हटलं होतं, तीच रीत मग इतर राज्यांनी उचलली आणि त्यातून १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या.

चाफा

मुलीने टाइमलाइन नवीन काढायला घेतलीये, १६३४, १६४४ (डुकरिणीच्या चित्रासकट), १७२८, १७७४, १७७६ कॉन्कॉर्ड, १७८०, १७८१ बेट. कॉन्कॉर्ड आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, शनिवारी जाऊ. जुनीवही, तुम्ही म्हणालात गावांनी १७८० मध्ये लेखी हरकती पाठवल्या, ते कागद आज कुठे बघायला मिळतील का? आमचं गाव तेव्हा होतं.

जुनीवही

आहेत ताई, गावांनी पाठवलेले ते जबाब राज्याच्या अभिलेखागारात आहेत, तुमच्या बॉस्टनमध्येच. सगळे छापूनही निघालेत, त्यामुळे आधी वाचनालयात विचारा, गावाच्या नावाने शोधता येतं. तुमच्या गावाने कुठल्या कलमाला नाही म्हटलं ते सापडलं की इथे येऊन नक्की लिहा, मी वाट बघतोय.